आठ वाजून आठ मिनिटं

कृष्णविवरात आजवर कोणी माणूस पडलेला नाही. पण पडला तर त्याचं काय होईल, हे आईनस्टाईनच्या १९१५च्या समीकरणांतून तासातासानं मांडता येतं. खालची चोवीस तासांची नोंद तशी मांडली आहे. पडणारी व्यक्ती नवी मुंबईतल्या नेरुळची एक तरुणी आहे. ती कल्पनेतली, वेळा मात्र गणितातून आलेल्या.

कृष्णविवर कोणतं, हे आधी ठरवायला हवं, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर निवडलं, तर घटनाक्रम लिहायला वेळच मिळत नाही. त्याची त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर. त्याच्या केंद्रापासून साधारण साडेतीन हजार किलोमीटरवर असतानाच माणसाच्या डोक्यावरच्या आणि पायावरच्या ओढीतला फरक पृथ्वीच्या ओढीच्या दहापट होतो. कृष्णविवराच्या कडेपर्यंत माणूस अखंड पोहोचत नाही. म्हणून इथे घेतलं आहे ते एम ८७ या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर. वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्यांइतकं. त्रिज्या सुमारे १९ अब्ज किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून नेपच्यून जेवढा लांब आहे त्याच्या चौपटीहून जास्त. अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. १० एप्रिल २०१९ला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले असताना, इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या शास्त्रज्ञांनी ज्याचं छायाचित्र जगापुढे ठेवलं ते हेच. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्री नवी मुंबईतल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं, तर कन्या राशीतला तो ठिपका जवळजवळ डोक्यावर असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण असतो तिथेच.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख जुनी आहे. जयंत नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर २० मे २०२५ला गेले. कृष्णविवराकडे भयकथा म्हणून न पाहता गणित म्हणून पाहायला त्यांनी आपल्याला शिकवलं, आणि ही नोंद त्याच शिस्तीनं करायचा प्रयत्न आहे.

रात्री ८.००. चोवीस तास बाकी

तिच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर लावलेलं आहे. इंजिन बंद. फार लांबून सुरू झालेलं पडणं आता कृष्णविवराच्या त्रिज्येच्या १.६ पट अंतरावर आलं आहे. तिथे कोणी इंजिनाच्या जोरावर एका जागी तरंगत असेल, तर त्याला ती प्रकाशाच्या ७९ टक्के वेगानं शेजारून जाताना दिसेल. तिला स्वतःला मात्र काहीच जाणवत नाही. मोकळं पडणाऱ्याला वजन नसतं. पाण्याची बाटली सोडली तर ती सोबत तरंगत राहते.

पुढे एक काळी थाळी आहे. हात लांब करून वीत पसरली तर ती वीसेक अंश झाकते; ही थाळी तशा साडेतीन विती रुंद, म्हणजे ६८ अंश. मागच्या बाजूचे तारे नेहमीपेक्षा मंद आणि तांबूस. मागून येणारा प्रकाश तिला गाठेपर्यंत ताणला जातो. त्याची कंपनसंख्या मूळच्या ५६ टक्क्यांवर आली आहे.

तिनं दर तासाला घरी एक निरोप पाठवायचा आणि घरच्यांनीही दर तासाला तिला एक पाठवायचा, असं ठरलं आहे. खऱ्या जगात एका निरोपाला साडेपाच कोटी वर्षं लागतील आणि उत्तराला आणखी तेवढीच. तो प्रवासाचा काळ दोन्ही बाजूंनी वजा करू आणि दोन वेगळ्या वह्या ठेवू. एका वहीत तिचे निरोप घरी कधी पोहोचले ते. दुसऱ्या वहीत घरचे तिला कधी मिळाले ते. दोन्ही वह्यांत पहिली नोंद सोमवार रात्री ८.०० अशीच धरू. एकीची वेळ दुसरीशी ताडून पाहू नये, एवढं पथ्य.

रात्री ९.००

तिचा दुसरा निरोप. तिच्या घड्याळानं बरोबर एका तासानं निघाला. नेरुळला मात्र पहिल्यानंतर ४ तास ५४ मिनिटांनी पोहोचला, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर. ती १०० मेगाहर्ट्झवर बोलते आहे, आणि घरच्यांना रेडिओ २१ मेगाहर्ट्झच्या आसपास लावावा लागतो. आवाज सुधारून ऐकण्याची सोय असली तरी मिनिटाचं बोलणं पाच मिनिटं चालतं.

रात्री १०.१३

या क्षणी ती त्रिज्येच्या दीडपट अंतरावर आहे. इथे प्रकाशाचा किरणसुद्धा कृष्णविवराभोवती फेरी मारू शकतो. या कड्यावर स्थिर राहता आलं असतं तर समोर बघताना स्वतःचीच पाठ दिसली असती. ती थांबत नाही, ८२ टक्के वेगानं निघून जाते.

इथे मला एक गैरसमज खोडायचा आहे. कृष्णविवर आसपासचं सगळं ओढून घेतं, हे खरं नाही. लांबवर ते तेवढ्याच वस्तुमानाच्या कुठल्याही गोळ्यासारखंच वागतं; आकाशगंगेतले तारे त्याच्याभोवती अब्जावधी वर्षं फिरतात. कक्षेत टिकून राहणं अशक्य होतं ते त्रिज्येच्या तिपटीच्या आत. ती रेषा या पडणाऱ्या बाईनं सुमारे चाळीस तासांपूर्वी ओलांडली. तरीही १०.१३ला इंजिन पुरेसं ताकदवान असेल, तर परत फिरता येतं. हे ‘अजून परत फिरता येतं’ आणखी दहा तास खरं आहे.

मध्यरात्र

घरी हा निरोप मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास मिळेल.

या वेळेला, थोडी उसंत आहे तोवर, हिशेबात काय धरलेलं नाही ते सांगून टाकतो. एम ८७च्या कृष्णविवराभोवती अब्जावधी अंश तापलेला वायू फिरतो आहे, आणि तिथून निघालेला झोत हजारो प्रकाशवर्षं लांब गेला आहे. त्या किरणोत्सारात माणूस कृष्णविवराच्या जवळ येण्याच्या खूप आधीच मरेल. शिवाय ते स्वतःभोवती फिरतंही असणार, आणि फिरणाऱ्या कृष्णविवराच्या आतली रचना अधिक गुंतागुंतीची आहे. इथे ते शांत आणि न फिरणारं धरलं आहे. वस्तुमानाच्या मोजमापातही दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, तेवढ्या या वेळाही सरकतील.

वायू आणि ओढीतल्या फरकाचा ताण एकत्र काम करतात तेव्हा काय होतं, ते प्रत्यक्ष दिसलेलं आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये एटी २०२२ सीएमसी नावाचा एक झगमगाट आकाशात सापडला. साडेआठ अब्ज प्रकाशवर्षांवर एक तारा महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेला होता, फाटला होता, आणि त्याच्या चिंधड्यांतून निघालेला झोत नेमका आपल्या दिशेला होता. लडाखमधल्या हानलेची दुर्बीण वापरून त्यावर नजर ठेवणाऱ्यांत पवईच्या आयआयटीतले खगोलशास्त्रज्ञ होते, आणि नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही त्या कामाला लागली होती. कृष्णविवरात पडण्याचा सगळ्यात जवळचा साक्षीपुरावा आपल्याकडे आहे तो हा. तो ताऱ्याचा आहे. माणूस ताऱ्याच्या मानानं इतका लहान आहे की ताऱ्याला फाडणारा ताण त्याला शिवतही नाही.

पहाटे ४.००

हा निरोप घरी बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर सव्वा-दीड वाजता. तिचे आठ तास घरच्यांना ५३ तासांचे झाले.

सकाळी ६.००

घरी शुक्रवारी पहाटे, पावणेपाचच्या आसपास. तिचा पाचचा निरोप येऊन साडेपंधरा तास होऊन गेलेले.

सकाळी ७.००

घरी शनिवारी पहाटे पाच वाजता. सहाच्या निरोपानंतर तब्बल एक दिवस.

घरच्यांना आता हे उमगलेलं असणार की ती हळू पडते आहे असं भासतंय, पण ती हळू पडत नाहीये. तिचा वेग वाढतोच आहे. मंदावतोय तो बाहेर निघणारा निरोप. प्रत्येक पुढचा निरोप जास्त खोलातून आणि जास्त वेगानं दूर जाणाऱ्या बाईकडून निघतो, आणि वर चढताना त्याची जास्त दमछाक होते.

सकाळी ८.००

ती ठरल्याप्रमाणे एक मिनिट बोलते. बरी आहे, काही दुखत नाही, चहा पिऊन झाला. घरी हा निरोप सुरू होतो पुढच्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, सातच्या निरोपानंतर ७६ तासांनी. ते एक मिनिट घरच्या रेडिओवर चार तासांहून जास्त चालतं. १०० मेगाहर्ट्झच्या लहरी आता ०.४ मेगाहर्ट्झवर आल्या आहेत.

अजूनही परत फिरता येतं. इंजिनाची ताकद जवळजवळ अमर्याद हवी, पण नियम आड येत नाही.

सकाळी ८ वाजून ८ मिनिटं ३२ सेकंद

काहीही होत नाही.

धक्का नाही, आवाज नाही, प्रकाशाची रेघ नाही, तापमानात फरक नाही. समोरची काळी थाळी रात्रभरात ६८ अंशांवरून ८४ अंशांपर्यंत वाढली आहे; या क्षणाच्या आधीही तेवढीच आणि नंतरही तेवढीच. मागचे तारे दिसत राहतात. ती पायांकडून पडत असेल, तर पायानंतर सहाएक नॅनोसेकंदांनी डोकं आत जातं. मधल्या काळात पाय दिसेनासे होत नाहीत. पायांवरून निघालेला प्रकाश आणि खाली येणारे डोळे एकमेकांना भेटतातच. डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीत फरक किती? वाशीच्या फलाटावर लोकलची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या आणि पायावरच्या पृथ्वीच्या ओढीतही थोडा फरक असतोच, कारण पाय केंद्राच्या जवळ असतात. तो आपल्याला कधी जाणवलेला नाही. तिच्यावरचा फरक त्याच्याही बाराहजाराव्या भागाइतका आहे.

आणि तरीही हाच तो क्षण. ती इथे ओलांडते त्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात, आणि इथून पुढे परतीची वाट नाही. इंजिन कितीही मोठं असो, उपयोग नाही. ८ वाजून ८ मिनिटं ३१ सेकंदांनी निघालेला प्रकाश बाहेर पोहोचतो, ३३ सेकंदांनी निघालेला कधीच पोहोचत नाही.

कृष्णविवराबद्दल बोलताना लोक लांब खेचल्या गेलेल्या शरीराचं चित्र रंगवतात. मला त्या चित्रापेक्षा ही वेळ जास्त भयंकर वाटते. सर्वनाश ठरतो तो इथे, आणि इथे तो कुठल्याही इंद्रियाला, कुठल्याही जवळच्या उपकरणाला कळत नाही. केबिनमधल्या केबिनमध्ये केलेला कोणताही प्रयोग तिला सांगू शकत नाही की तू आत गेलीस. वस्तुमान माहीत असेल आणि घड्याळ असेल तर गणितानं काढता येतं, एवढंच. बाहेर कडा दिसत नाही, कारण तिथे कडा म्हणून वस्तूच नाही.

घरची वही पुढे चालू राहते. ८.०८च्या ठोक्याला निघालेला शब्द घरी पोहोचतो त्या शनिवारी दुपारी पावणेबाराला. ओलांडण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाच्या सुरुवातीचा आवाज त्यानंतर पाच दिवसांनी, गुरुवारी दुपारी. मग त्या सेकंदाचा शेवटचा दहावा भाग उरला असतानाचा आणखी साडेतीन दिवसांनी, शंभरावा भाग उरला असतानाचा आणखी साडेतीन दिवसांनी. ओलांडण्याचा क्षण स्वतः घरी कधीच पोहोचत नाही. याचा अर्थ ती कडेवर थिजून राहिली असा नव्हे. ती गेली. प्रकाश आणि रेडिओलहरी कणाकणानं निघतात आणि ओलांडण्यापूर्वी निघालेले कण मोजकेच असतात. त्यांतला एक शेवटचा असतो, आणि त्यानंतर वहीत नोंद करण्यासारखं काही येत नाही.

सकाळी ९.१३

तिला घरचा पहाटे तीनचा निरोप मिळतो.

दुसरी वही उघडायला हवी. आत पडलेल्या माणसाला बाहेरच्या जगाचं सगळं भविष्य झरझर दिसतं, असं अनेकदा लिहिलं जातं. मोकळं पडणाऱ्याच्या बाबतीत ते उलट आहे. घरचे निरोप तिचा पाठलाग करत येतात आणि ती त्यांच्यापासून पळते आहे, म्हणून ते तिला उशिरा मिळतात. क्षितिज ओलांडलं त्या क्षणी तिच्यापर्यंत घरचे रात्री २ वाजून २८ मिनिटांपर्यंतचेच शब्द आले होते. आतल्या जवळजवळ बारा तासांत तिला घरचे फक्त पाच तास ऐकायला मिळणार आहेत.

सकाळी १०.००

ती इंजिन सुरू करते. कोणीही करील.

आत आल्यावर केंद्र ही पुढची जागा राहत नाही. बाहेर असताना ‘तिकडे न जाणं’ शक्य होतं. आत केंद्राची दिशा भविष्यकाळाची दिशा झालेली असते. उद्या टाळायला घरातून कोणत्याही रस्त्यानं निघालं तरी उद्या येतोच, तसं. ती नाक वळवू शकते, बाजूला जाऊ शकते, पण केंद्रापासूनचं अंतर कमी होणं थांबवू शकत नाही. मागे सोडलेला टॉर्चचा झोतसुद्धा तिच्यापासून लांब जातो खरा, पण तोही आतच पडत असतो.

थोडा वेळ मात्र मिळवता येतो. इंजिन न लावता क्षितिजापासून शेवटापर्यंत ११ तास ५१ मिनिटं. या कृष्णविवरात क्षितिजाच्या आत कोणालाही, काहीही केलं तरी, २७ तास ५६ मिनिटांपेक्षा जास्त काळ काढता येत नाही. त्या मर्यादेजवळ जायला आत आल्या आल्या प्रचंड जोर लावून वेग नेमका एका हिशेबापुरता मोडायचा आणि मग इंजिन बंद करून स्वस्थ पडत राहायचं. जोर त्याहून जास्त लावला, तर मिळवलेला वेळ पुन्हा हातचा जाऊ लागतो. धडपड वाढवली की शेवट जवळ येतो, हे गणित मला आजही अंगावर येतं. तिच्या इंजिनात तेवढा दम नाही. दहा मिनिटांनी ती ते बंद करते. वेळापत्रकात सांगण्याजोगा फरक पडलेला नाही.

दुपारी २.००

सहा तास बाकी. त्रिज्येच्या ०.६४ अंतरावर. वजन नाही, ताण नाही. जेवता येतं, झोपता येतं.

शेवट अटळच आहे हे कोणी सिद्ध केलं? कोलकात्यात काम करणाऱ्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण दिलं: सोबत पडणाऱ्या कणांच्या वाटा गुरुत्वाकर्षणामुळे कशा एकमेकींकडे वळत जातात याचं. दहा वर्षांनी रॉजर पेनरोज यांनी दाखवलं की एकदा असं क्षितिज तयार झालं की आत कुठे तरी या वाटा संपतातच. कृष्णविवर अगदी गोल असो की ओबडधोबड. त्या कामासाठी त्यांना २०२०चं नोबेल मिळालं. तिच्या सहा तासांच्या पलीकडे जी भिंत आहे, तिचा पाया रायचौधुरींच्या समीकरणात आहे.

दुपारी ३.४५

घरचा सकाळी सहाचा निरोप. मागून प्रेशर कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो, ताणला जाऊन खर्जात उतरलेला.

संध्याकाळी ६.२०

घरचा सातचा निरोप.

संध्याकाळी ७.२७

मधल्याच एका मिनिटाला आई पुन्हा बोलली आहे. घरच्या घड्याळात तेव्हा ७.२० झाले होते. हा तिला मिळालेला जवळजवळ शेवटचा आवाज. घरून ७ वाजून २७ मिनिटांनंतर निघालेलं काहीही तिला गाठू शकत नाही. साडेसातला आईनं काय सांगितलं, हे तिला कळणार नाही.

संध्याकाळी ७.५९

एक मिनिट बाकी. केंद्रापासून २४ कोटी किलोमीटर. इतकं असूनही शरीराला अजून काही कळलेलं नाही.

ज्या बळानं आता शेवट होणार आहे ते नवी मुंबईला परकं नाही. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, अमावास्या-पौर्णिमेला दिवाळे आणि सारसोळेच्या किनाऱ्यावर उधाण येतं, ते याच बळामुळे: चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतात आणि लांबच्या बाजूला कमी. ओढीपेक्षा ओढीतला फरक काम करतो. तिच्या बाबतीत पाय आणि डोकं या दोन बाजू आहेत.

इथे एक गोष्ट अशी आहे की ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर पुन्हा पुन्हा करून पाहिली. असं मोकळं पडताना ताणाचा हिशेब कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून राहतच नाही. तो फक्त शेवटाला किती सेकंद उरले आहेत यावर ठरतो. कृष्णविवर दहा सूर्यांचं असो की साडेसहा अब्ज सूर्यांचं, ताण जाणवू लागण्यापासून शेवटापर्यंतचा वेळ तोच. मोठ्या कृष्णविवरात आधीचे शांत तास तेवढे जास्त मिळतात.

एक सेकंद बाकी: केंद्र दीड कोटी किलोमीटरवर. पाय आणि डोकं यांच्यातला ताण पृथ्वीच्या ओढीच्या तेराव्या भागाइतका. कोणी हलकेच घोटे धरून ओढल्यासारखं काही जाणवलं तर जाणवलं.

पाव सेकंदाहून किंचित जास्त: ताण पृथ्वीच्या ओढीइतका. एका दशांश सेकंदावर जवळजवळ आठपट. त्याच वेळी शरीर दोन्ही कुशींकडून आत दाबलं जात आहे, उंचीच्या दिशेच्या ताणाच्या निम्म्या प्रमाणात. तीन शतांश सेकंदांवर ८६ पट. इथे कधी तरी सांधे सुटतात, मणके सुटतात. एका शतांश सेकंदावर ७७१ पट, आणि त्यापुढे पेशी, रेणू, अणू.

वेदना? पायाला झालेल्या इजेची तीव्र कळ मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत यायला अर्धा दशांश सेकंद ते पाव सेकंद लागतो. मागून येणाऱ्या ठणक्याला सेकंदभर. तेवढा वेळ नाही. पायाची खबर वाटेत असतानाच वाट संपते.

तिच्या डोळ्यांपुढचं शेवटचं दृश्य असं असेल: खालचा काळोख पसरत पसरत अर्ध्या आकाशाएवढा झालेला, वरचे तारे तांबूस होत विझलेले, आणि उरलेलं सगळं बाहेरचं विश्व कंबरेच्या पातळीवर चहूबाजूंनी एका प्रखर कड्यात गोळा झालेलं.

रात्री ८.००

सिंग्युलॅरिटी. आईनस्टाईनची समीकरणं इथे अनंत हे उत्तर देतात, म्हणजे इथे ती चालत नाहीत.

त्यानंतर

या जागी काय असतं यावर आयुष्य खर्च केलेल्यांपैकी एक माणूस धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मला. अभय अष्टेकर, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे. अवकाश अखंड नसून अतिसूक्ष्म कड्यांनी विणलेलं आहे, या विचारावर त्यांचा लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचा सिद्धान्त उभा आहे. २०१८ साली त्यांनी हाविएर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांच्यासोबत मांडलेल्या गणितात ताण अनंत होत नाही. तो एका प्रचंड पण मर्यादित टोकाला जातो आणि काळ पलीकडे चालू राहतो, अशा प्रदेशात जिथून सगळं बाहेरच फेकलं जातं. रात्री ८.०० ही त्यांच्या लेखी शेवटची नोंद नाही. पडणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही; पलीकडे जाईल ते त्याचं शरीर नसेल.

मला मात्र सध्याचा दुसरा वाद जास्त मोलाचा वाटतो, कारण तो रात्री आठचा नाही, सकाळच्या ८.०८चा आहे. समीर माथुर यांनी डॉक्टरेट कुलाब्याच्या टाटा संस्थेत केली आणि पुढे ओहायोत काम केलं. स्ट्रिंग सिद्धान्तावरून ते म्हणतात की क्षितिजाच्या जागी रिकामं अवकाश नसतंच. कृष्णविवर म्हणजे तिथपर्यंत भरलेला स्ट्रिंगचा गुंताडा. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या चार भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेनं दाखवलं की जुन्या कृष्णविवराचं क्षितिज शांत धरलं, तर पुंजभौतिकीचे नियम आपसात भिडतात. तिथे कदाचित आगीची भिंत असावी. हे खरं असेल, तर वरच्या नोंदीतलं ‘काहीही होत नाही’ हे वाक्य चुकीचं आहे आणि आतले बारा तास कधी सुरूच होत नाहीत.

याचा निकाल आत न जाता लागू शकतो. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७०मध्ये गणितानं दाखवलं की कृष्णविवराला धक्का बसला की ते ठरावीक सुरांत थरथरतं आणि भराभर शांत होतं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात तेव्हाचा तो नाद आता पकडता येतो. पहिल्यांदा पकडला गेला तो १४ सप्टेंबर २०१५ला, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेच्या दोन केंद्रांत. त्या जातीचं तिसरं केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. क्षितिज रिकामं असेल, तर नाद विरल्यावर पुढे शांतता. तिथे काही भरलेलं असेल, तर आत निघालेल्या लहरी त्यावर आपटून परततील आणि मूळ नादानंतर थोड्या थोड्या अंतरानं क्षीण पडसाद ऐकू येतील. आजवरच्या नोंदींत असे पडसाद खात्रीनं सापडलेले नाहीत. शोध चालू आहे.